मागूर म्हणजे कोणता मागूर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस होऊन गेले होते. एका आठवडी बाजारातून मी मासे घेऊन घरी आलो. घर म्हणजे एकोडी, भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातलं. विकणाऱ्यानं प्लास्टिकच्या टबात जिवंत मासे ठेवले होते आणि तो ‘मांगूर, जिता मांगूर’ असं ओरडत होता. लांब मिशा, चपटं डोकं, गुळगुळीत काळपट अंग. मासे वळवळत होते, एकमेकांच्या अंगावरून चढत होते. मी दीड किलोचा एकच घेतला. इतका मोठा मागूर आपल्याला मिळाला याचा थोडा अभिमानही वाटला.

मोठी आई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी पिशवी उघडून दाखवली. तिनं वाकून पाहिलं आणि पुन्हा तांदळाकडे वळली.

‘हे कायचं मांगूर बापा! त्याचं डोस्कं पाय ना.’

मी म्हटलं, ‘मोठी आई, विकणारा मांगूरच म्हणत होता.’

‘तो म्हनंल. त्याच्या म्हनन्यानं होते का?’

तो मासा त्या दिवशी आमच्या चुलीवर चढला नाही. मला मात्र तिचा प्रश्न चिकटून बसला. विकणारा मागूर म्हणतो, घेणारा मागूर म्हणतो, आणि ऐंशीच्या घरातली बाई डोकं पाहून म्हणते की हा मागूर नव्हे. मग मागूर हे नाव नेमकं कुणाचं? ते ठरवलं कुणी? आणि ते दुसऱ्याच माशाला दिलं गेलं, तर बिघडतं काय?

नावापासूनच सुरुवात करतो. मागूर, आमच्याकडे नाकातून ‘मांगूर’, हा शब्द फार जुना आहे. संस्कृतात या माशाला मद्गुर म्हणतात. ‘द्ग’ हे जोडाक्षर प्राकृतात सैल झालं, आधीचा स्वर लांबला आणि मद्गुरचा मागूर झाला. बंगालीत मागूर, हिंदीत मांगुर, आपल्याकडे मागूर किंवा मांगूर. हजारो वर्षांत राज्यं आली-गेली, पण मासा विकणाऱ्याच्या तोंडचा शब्द फारसा हलला नाही.

अमरकोशात तर या मद्गुराची एक गंमत आहे. शृंगी ही मद्गुराची प्रिया, म्हणजे मादी, असं तिथं सांगितलंय. शृंगी म्हणजे आपली शिंगी. आमच्या भागात शिंगी आणि मागूर हे दोन्ही मासे एकाच चिखलात सापडतात. दोघांना मिशा, दोघांच्या अंगावर खवले नाहीत, दोघेही पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहतात. शिंगी अंगानं बारीक, आणि तिच्या काट्याचा डंख असा की ज्याला लागला तो दिवसभर विव्हळतो. कोशकारानं दोघांना एकत्र पाहिलं आणि जोडपं ठरवून टाकलं. आज आपल्याला ठाऊक आहे की हे नवरा-बायको नव्हेत, ही दोन वेगळी कुळं आहेत. पण त्यात नुकसान कुणाचंच झालं नाही. शिंगी शिंगीच राहिली, मागूर मागूरच राहिला. चूक नात्यात होती, नावात नव्हती.

आता ज्यांनी मागूर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. हा वीत-दीड वीत लांबीचा मासा. हातभर झाला म्हणजे खूपच झाला. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो, त्यानं तो थेट हवेतला श्वास घेऊ शकतो. म्हणून पाणी आटलं, गढूळ झालं, कुजकं झालं तरी इतर मासे तडफडून मरतात आणि हा चिखलात दबा धरून राहतो. पाऊस पडला की छातीजवळच्या काट्यांवर अंग रेटत ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातो. इंग्रजीत त्याला चालणारा मासा म्हणतात ते यामुळेच.

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा. धानाच्या शेताच्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो आणि लहान तळ्याला बोडी. मोठे तलाव आहेत ते मालगुजारी काळातले. गोंड राजांच्या आश्रयानं कोहळी समाजानं ते बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि माजी मालगुजारी या दोन शब्दांची आद्याक्षरं घेऊन त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. परक्या माणसाला वाटतं, कुणा मामानं बांधले असतील! तर या तलावांचं पाणी पावसाळ्यात बांध्यांमधून वाहतं, आणि त्या पाण्याबरोबर मागूर बांधीत शिरतो. उथळ पाण्यात खळगा करून मादी अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. म्हणजे मागुराचं बाळंतघर आमच्या धानातच. शेतकऱ्याला तो तणाबरोबर, रोवणीबरोबर माहीत असतो. रोवणी करणाऱ्या बायांच्या पायांत वळवळणारा, त्यांनी ओटीत टाकून घरी आणलेला असा तो मासा.

घरी आणला की तो पाण्याच्या भांड्यात दोन-दोन दिवस जिवंत राहतो. ज्या काळात गावात बर्फ नव्हता त्या काळात ही केवढी मोठी सोय होती! बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला मागुराचा रस्सा द्यायची रीत त्यामुळेच पडली असावी. जिवंत आणलेला मासा म्हणजे ताजा मासा, त्यात फसवणूक नाही. ‘जिता मांगूर’ या दोन शब्दांत बाजारातली सगळी हमी आली. ही हमी पुढे कशी कामाला लावली गेली ते थोड्या वेळानं सांगतो.

त्याआधी एक साहेब आणि त्यांचं पुस्तक. फ्रान्सिस हॅमिल्टन, आधीचं नाव बुकानन, हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर. बंगाल-बिहारची पाहणी करताना त्यानं नद्यांमधले मासे पाहिले, त्यांची चित्रं काढवून घेतली, आणि १८२२ साली एडिंबरोहून गंगा आणि तिच्या उपनद्यांमधल्या माशांवर एक ग्रंथ काढला. त्यात अडीचशेहून अधिक जातींची वर्णनं आहेत. या माणसाचं मला कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. शास्त्रीय नाव लॅटिन धाटणीचं हवं, हा तेव्हाचा दंडक. पण नवं नाव हवं झालं की हॅमिल्टन पुष्कळदा कोळ्याच्या तोंडचंच नाव उचलायचा आणि फार तर त्याला लॅटिनचं शेपूट लावायचा. रोहूचं रोहिता, मृगळचं मृगला, कटलाचं कटला. असंच त्यानं मागुराचं नाव ‘मागूर’ ठेवलं. म्हणजे बंगालमधल्या कुणा निनावी मच्छीमारानं उच्चारलेला शब्द जगाच्या शास्त्रात जाऊन बसला.

योगायोग असा की त्याच १८२२ साली दुसऱ्या एका इंग्रजानं, विल्यम बर्चेल यानं, दक्षिण आफ्रिकेतल्या एका मिशीवाल्या माशाला नाव दिलं. त्या भागातल्या मोठ्या नदीला तिथले मूळ रहिवासी गरीप म्हणतात. नकाशांवर ती ऑरेंज म्हणून आहे. बर्चेलनं त्या नदीवरून माशाला ‘गरिपिनस’ म्हटलं. एकाच वर्षी दोन चुलतभाऊ, दोन खंडांत, दोन स्थानिक शब्दांवरून बारशाला बसले. पुढे त्यांची गाठ आमच्या बाजारातल्या टबात पडेल हे तेव्हा कुणाला सुचणार?

शास्त्राच्या वहीत मात्र आपल्या मागुराचं नाव टिकलं नाही. लिनिअसनं १७५८ सालीच आशियातल्या अशाच एका माशाला ‘बॅट्रॅकस’ म्हटलं होतं. ग्रीकमध्ये याचा अर्थ बेडूक. पुढच्या अभ्यासकांना आपला मागूर आणि हा बेडूकनावाचा मासा एकच वाटला. नियम असा की जुनं नाव खरं, नंतरचं रद्द. झालं. मागूर हे नाव वहीतून खोडलं गेलं आणि दीर्घकाळ आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांतल्या पुस्तकांत मागुराचं शास्त्रीय नाव क्लेरियस बॅट्रॅकस असंच छापलं गेलं. आमच्या पिढीनं ते तसंच घोकलं. भारतापासून इंडोनेशियापर्यंत सगळीकडे हा एकच मासा पसरलेला आहे अशी समजूत होती. इतका पसरलेला मासा, त्याची काळजी कोण करणार?

२००८ साली एंग आणि कोटेलाट या दोन मत्स्यशास्त्रज्ञांनी हा गुंता सोडवला. लिनिअसचा बॅट्रॅकस हा जावा बेटावरचा मासा. भारताकडचा वेगळा आहे आणि त्याचं नाव हॅमिल्टननं ठेवलेलंच, मागूर, हे त्यांनी दाखवून दिलं. हे वरवर कागदी काम वाटतं. पण नाव वेगळं झालं आणि हिशोबही वेगळा मांडावा लागला. आता आपल्या मागुराला दूरच्या बेटांवरच्या माशांची संख्या उसनी घेता येईना. २०१० साली निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत क्लेरियस मागूर हा ‘धोक्यात आलेला’ म्हणून नोंदवला गेला. मासा तोच, चिखल तोच. फक्त त्याला त्याचं नाव परत मिळालं आणि तो संपत चालला आहे हे दिसलं.

इकडे शास्त्रानं नाव परत दिलं, पण तोवर बाजारानं ते दुसऱ्याला देऊन टाकलं होतं.

बर्चेलचा तो गरिपिनस. आफ्रिकेत तो मानाचा मासा आहे, नायजेरियासारख्या देशात त्याच्या शेतीवर असंख्य लोक जगतात. मिशीवाल्या माशांचा मान तिकडे फार जुना; इजिप्तच्या अगदी पहिल्या राजांपैकी एक नारमर, त्याचं नाव लिहिताना मिशीवाल्या माशाचंच चित्र काढत. तेव्हा माशाचा काही दोष नाही हे आधीच सांगून टाकतो. तो भराभर वाढतो, पाच-सहा महिन्यांत किलोच्या पुढे जातो, काहीही खातो, घाण पाण्यात जगतो. पूर्ण वाढला तर दीड मीटरहून लांब होतो. अशा माशाचा मोह व्यापाऱ्याला पडला नसता तरच नवल. थायलंडमध्ये तो पाळला जात होता. १९९० च्या आसपास तिथून तो बांगलादेशात आला आणि तिथून कुणाची परवानगी न घेता सीमा ओलांडून पश्चिम बंगालात. आला तेव्हा त्याला आपल्याकडे नाव नव्हतं. गरिपिनस म्हणून कोण घेणार? मिशा दिसल्या, चपटं डोकं दिसलं, आणि लोकांनी त्याला थाई मागूर म्हटलं. तो थाई नाही आणि मागूरही नाही. बाजारात येता येता ‘थाई’ गळालं आणि ‘मागूर’ तेवढं उरलं.

मघाची हमी इथं कामाला आली. हाही हवेतला श्वास घेणारा, म्हणून टबात जिवंत राहतो. ‘जिता मांगूर’ ही आरोळी त्यालाही तशीच्या तशी बसते. हमी खऱ्या मागुरानं शतकानुशतकं कमावलेली आणि खर्च करतोय दुसराच.

केंद्र सरकारनं या माशाच्या पालनावर २००० साली बंदी घातली. कारण सरळ आहे. तो मांसाहारी आणि अधाशी. पुरात तळ्यातून निसटला की नदीतले, बोडीतले देशी मासे, त्यांची पिल्लं, अंडी, सगळं फस्त करतो. शिवाय त्याला पाळणारे पुष्कळदा कत्तलखान्यातलं टाकाऊ मांस खाऊ घालतात. त्या डबक्यांजवळून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. बंदी असूनही धंदा थांबला नाही, तेव्हा २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं साठे नष्ट करण्याचे आदेश दिले, आणि महाराष्ट्रातही उजनीच्या काठापासून ठाण्याच्या बाजूपर्यंत ठिकठिकाणी खड्डे खणून टनांवारी मासे पुरले गेले.

वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या. मथळे काय होते? ‘मांगूर माशावर बंदी’. ‘मांगूर नष्ट करणार’. ‘मांगूर खाऊ नका’. आत मजकुरात कुठेतरी ‘आफ्रिकन’ किंवा ‘थाई’ हा शब्द असे, पण मथळा वाचून पान उलटणारेच जास्त. म्हणजे ज्या माशाला वाचवायला बंदी घातली, त्याच्याच नावावर गुन्हा नोंदवला गेला. आमच्या गावाकडची एक बाई बांधीत धरलेले पाच-सहा खरे मागूर घेऊन बाजारात बसली होती. एक शिकलेला मुलगा तिला सांगत होता, ‘मावशी, हे विकू नका, बंदी आहे.’ तो मुलगा वाईट नव्हता. त्यानं बातमी वाचली होती एवढंच.

मला इथं एका दूरच्या माशाची आठवण होते. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांभोवतीच्या प्रवाळांमध्ये एक देखणा चपटा मासा राहतो. त्याचं नाव हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ. घाबरू नका, मलाही ते तीन दमांत म्हणावं लागतं. हुमुहुमु हे त्या जातीच्या सगळ्याच माशांचं नाव, नुकुनुकु म्हणजे थुंथण, आणि पुआआ म्हणजे डुक्कर. डुकरासारख्या थुंथणाचा हुमुहुमु. पाण्याबाहेर काढला की तो डुकरासारखा आवाजही करतो. एका शब्दात माशाचं रूप, आवाज आणि गोत्र! १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथं लोकांचा कौल घेऊन त्याला राज्याचा मासा ठरवलं. पण कायद्यात मुदत पाच वर्षांचीच होती. मुदत संपली, कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि २००६ साली पुन्हा कायदा करून तो मान कायमचा द्यावा लागला.

गंमत म्हणजे हे एवढं लांबलचक, तपशीलवार नावसुद्धा तिथले लोक एका नव्हे, दोन माशांना लावतात. दोघे सख्खे चुलत, एकाच प्रवाळावर नांदणारे. त्यात कुणाचं काही बिघडत नाही, कारण एक दुसऱ्याला खात नाही, एकाच्या नावावर दुसरा विकला जात नाही. अमरकोशातल्या शिंगी-मागुरासारखंच. म्हणून दोन माशांना एक नाव असण्यावर माझा आक्षेप नाही. भाषेत ते चालतंच. एका नावाच्या आडून दुसरा मासा पहिल्याच्या जागेवर बसवला जातो, तिथं आक्षेप आहे.

आणि हे मागुराबाबतच घडतंय असंही नाही. आमच्या बाजारात ‘रूपचंद’ नावाचा मासा धडाक्यानं खपतो. तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला, पिरान्ह्याच्या गोत्रातला. बंगालीत पापलेटला रूपचांदा म्हणतात. हा दिसायला थोडा तसा, म्हणून ते नाव याला चिकटलं. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आम्हा विदर्भवाल्यांना खरा पापलेट क्वचितच पाहायला मिळतो, त्यामुळे तक्रार करणार कोण? महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पापलेटला राज्याचा मासा म्हणून घोषित केलं, आणि त्या वेळी मत्स्यव्यवसाय खातं होतं चंद्रपूरकडच्या सुधीर मुनगंटीवारांकडे, हा आणखी एक योग. बिहारनं मात्र आपला राज्य मासा म्हणून मागूर निवडला. मला बिहारचा थोडा हेवा वाटतो.

पण सगळा दोष परक्या माशावर आणि व्यापाऱ्यावर टाकून मोकळं होणं बरं नव्हे. आम्हीही मागुराला एक नाव दिलं होतं. मत्स्यशेतीच्या पुस्तकांत तलावातल्या माशांचे गट पाडलेले असतात. कटला, रोहू, मृगळ हे ‘उपयुक्त’. मरळ, मागूर, शिंगी, वाम यांची गणना ‘भक्षक’ किंवा ‘निरुपयोगी’मध्ये. तळ्यात कटला-रोहूचं बीज सोडण्याआधी या मंडळींचा निकाल लावायचा, अशी शिफारस. आणि त्यासाठी औषध काय? मोहाची ढेप, हेक्टरी सुमारे २,५०० किलो. मोह हे आमच्या जंगलाचं लेकुरवाळं झाड. फुलं वेचून, टोळीचं तेल काढून लोक जगतात. त्याच टोळीची ढेप पाण्यात पडली की मासे गुदमरून वर येतात. ज्या माशाला आम्ही आजाऱ्याच्या ताटात मान देत होतो, तो छापील कागदावर निरुपयोगी ठरला आणि कागद जिंकला. मागूर हवेतला श्वास घेतो म्हणून चिखलात तग धरून राहायचा. पण तलावांतल्या पाणवनस्पती गेल्या, बेशरम माजली, बांध्यांमध्ये कीटकनाशकं आली, तेव्हा त्याला लपायला चिखलही उरला नाही.

अलीकडे भंडारा-गोंदियातल्या काही गावांत उलटं काम सुरू झालं. मनीष राजनकरांसारखे कार्यकर्ते आणि ढिवर समाजातले स्त्री-पुरुष यांनी मिळून तलावांतली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि देशी मासे परत येऊ लागले. या कामाची मला आवडलेली बाजू अशी की ते माशांच्या यादीपासून सुरू झालं. जुन्या माणसांना विचारायचं, तुमच्या लहानपणी तळ्यात कोण कोण होतं? ती नावं सांगत जातात. पुष्कळ नावं अशी की तरुण पोरांनी ऐकलेलीसुद्धा नसतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द जमवण्यात आयुष्य घातलं. नवेगावबांधला वनाधिकारी असताना मारुती चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची, प्राण्यांची, झाडांची नावं टिपली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. अशी माणसं शब्द जमवतात तेव्हा लोकांना वाटतं हा भाषेचा नाद आहे. आमच्या तलावांवर त्याचा उपयोग वेगळाच झाला. नाव आठवलं तर मासा शोधता आला, कुठल्या झुडपाखाली राहायचा ते आठवलं, आणि ते झुडूप लावता आलं.

आता बाजारात गेलं की मी विचारतो, ‘देशी का?’ सगळे ‘देशीच’ म्हणतात. गावरान कोंबडी, गावरान अंडी, तसा आता ‘गावरान मांगूर’ असाही शब्द कानावर येऊ लागला आहे. ज्याचं ते नावच होतं, त्याला ते सिद्ध करायला पुढे एक विशेषण जोडावं लागतं. मी डोकं पाहतो. मोठ्या माशाकडे मन ओढ घेतं, पण आता मी लहानच शोधतो. तळहाताएवढा असेल तर तो खरा असण्याची शक्यता जास्त. तरी पिल्लू मोठ्या जातीचं नाही कशावरून, ही शंका राहतेच. मोठ्या आईची नजर मला नाही.

ती स्वतः ‘मांगूर’ हा शब्द बाजारातल्या माशासाठी वापरतच नाही. त्याला ती ‘टबातला’ म्हणते. गेल्या पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत पुतण्या बांधीतून दोन मासे घेऊन आला, वीतभरही नव्हते. तिनं ते हातात घेऊन डोक्यावरून अंगठा फिरवला, आणि पोराला सांगितलं, ‘हे मांगूर. धुऱ्याजवर अंडे असतीन, तिकडं चिखल तुडवू नोको.’ मासे त्या रात्री पितळी गुंडात पाण्यात होते. सकाळी गुंड रिकामा दिसला, तेव्हा मी मांजरीवर संशय घेतला. पोरगं म्हणालं, आजीनं सकाळीच बोडीत नेऊन सोडायला लावले.